अब्रू, ओझं आणि अर्धवट इस्रायल

स्त्रियांना सैन्यात लढाईच्या जागा देऊ नका, असं सांगणारा, दर काही महिन्यांनी फिरून येणारा एक मजकूर परवा पुन्हा आला. सारांश असा: बाईचं शरीर लढाईसाठी नाही, खेड्यातला जवान बाईचा हुकूम मानणार नाही, ती शत्रूच्या हाती लागली तर देशाची अब्रू जाईल, आणि इस्रायलनेसुद्धा हा प्रयोग करून सोडून दिला.

शेवटचं आधी घेऊ. १९४८च्या युद्धात इस्रायलने स्त्रियांना आघाडीवरून मागे घेतलं, हे खरं. पण लिहिणाऱ्याचं कॅलेंडर तिथेच अडकलंय. २०००मध्ये तिथला कायदा बदलला, सीमेवर काराकल ही स्त्री-पुरुषांची मिश्र बटालियन उभी राहिली. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासशी रणगाड्यांतून लढलेल्यांत तर फक्त मुलींची एक तुकडी होती.

ताकदीचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. अमेरिकेच्या मरीन कोअरने २०१५मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत निव्वळ पुरुषांच्या तुकड्या ६९ टक्के कामांत मिश्र तुकड्यांपेक्षा सरस ठरल्या. हे लपवण्यात अर्थ नाही. पण भरती सरासरीची होत नसते, एकेका माणसाची होते. त्याच वर्षी अमेरिकी लष्कराच्या रेंजर स्कूल या अतिशय खडतर प्रशिक्षणात १९ जणी उतरल्या आणि ३ पार पडल्या. तिसरी, लिसा जॅस्टर, ३७ वर्षांची, दोन मुलांची आई. (आपल्याकडे या वयात बाईला गुडघे सांभाळायचे सल्ले सुरू होतात.) तीनच? हो, तीनच. कसोटी एकच ठेवा, एका किलोचीही सूट देऊ नका, मग शंभरातून तिघी येवोत की एकही न येवो. आक्षेप आहे तो दारावरच ‘बायकांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावण्याला. आपल्याकडे लढाऊ विमानं २०१६पासून आणि तोफखाना २०२३पासून स्त्री अधिकाऱ्यांना खुला झाला, पायदळ आणि रणगाड्यांचं चिलखती दल नाही.

‘खेड्यातला जवान’ हा युक्तिवाद तर खुद्द केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात केला होता. फेब्रुवारी २०२०मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. खरं तर हा आरोप बाईवर नाहीच, जवानावर आहे. शिस्तीसाठी ज्याचं नाव जगभर घेतात, तो म्हणे हुकूम कोणाच्या तोंडून आला ते बघून पाळणार! जवान सलाम ठोकतो तो खांद्यावरच्या ताऱ्यांना. २०१६मध्ये पुण्यात औंधला १८ देशांचा लष्करी सराव झाला, तेव्हा आपल्या ४० जणांच्या तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशींनी केलं. आणि गावाचंच म्हणाल, तर महाराष्ट्रात निम्मी सरपंचपदं बायकांसाठी राखीव आहेत. त्याच गावातून हा जवान येतो.

राहिली अब्रू. १९९९मध्ये कारगिलच्या वेळी कॅप्टन सौरभ कालियांचा छिन्नविच्छिन्न देह पाकिस्तानकडून परत आला. त्यानंतर पुरुषांना सीमेवर पाठवू नका, असं कोणी म्हटलं नाही, देश चिडून उठला. बाईच्या बाबतीत मात्र छळ शत्रूने करायचा आणि अब्रू तिची जायची. शिवाय बंदी घातल्याने बाई शत्रूच्या हातून वाचते, हेही खोटं. १९९१च्या आखाती युद्धात मेजर रोंडा कॉर्नम यांचं हेलिकॉप्टर इराकी सैन्याने पाडलं. दोन्ही हात मोडलेल्या अवस्थेत त्या कैद झाल्या, त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला. सुटल्यावर त्या लष्करातच राहिल्या आणि ब्रिगेडियर जनरल झाल्या. १९९१मध्ये अमेरिकेतही थेट लढाईच्या जागा स्त्रियांना बंद होत्या. कॉर्नम डॉक्टर होत्या, पाडलेल्या विमानाच्या वैमानिकाला आणायला निघाल्या होत्या.