रंग नुसता भिंतीलाच का लावायचा?

दसरा-दिवाळी जवळ आली की घर रंगवायचं, आणि घराबरोबर फरशी, पंखा, स्विचबोर्ड, शेजाऱ्यांचं दार नि दाराबाहेरच्या चपलाही रंगवून टाकायच्या, ही आपली जुनी रीत. आमच्या सोसायटीचा जिना नुकताच याच रीतीने रंगवून झाला. पायऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या होत्या, हे आता नव्या भाडेकरूला तोंडी सांगावं लागतं. तेव्हा ज्यांच्याकडे रंगकाम निघालंय, त्यांचाही एक शिंतोडा वाया जाऊ नये म्हणून या चार सूचना.

रोलर दुकानातला सगळ्यात स्वस्त घ्या आणि लव, म्हणजे त्याच्यावरचे केस, जितकी लांब मिळेल तितकी घ्या. पुट्टी मारून घासलेल्या गुळगुळीत भिंतीला 9-10 मिलिमीटरची लव पुरते, असं दुकानदार म्हणेल. म्हणू दे. 18-20 मिलिमीटरची लव बाहेरच्या खडबडीत प्लास्टरसाठी असते, ती खास दिवाणखान्यासाठी आणा. ती रंग भरपूर पिते, गुळगुळीत भिंत तेवढा घेत नाही, आणि उरलेल्याला जायला खाली जागाच जागा आहे. स्पंजचा रोलर मिळाला तर सोन्याहून पिवळं: दाबला की दोन्ही बाजूंनी पिळून निघतो, वर भिंतीवर बुडबुडे ठेवून जातो.

नवा रोलर पाकिटातून काढून थेट रंगात बुडवा. आधी धुऊन, घट्ट पिळून, नुसता दमट ठेवला की सुटे केस निघून जातात आणि रंग लवीत सारखा भिनतो. एवढं करत बसलात तर भिंतीला केस कुठून येणार?

पाणी अंदाजाने घाला. ब्रशला किती टक्के, रोलरला किती टक्के, हे डब्यावर छापलेलं असतं. कंपनीला छपाईची हौस असते, आपण कशाला वाचायचं? शेवटची भिंत उरली नि रंग संपत आला की आणखी एक तांब्या ओता. पातळ रंग लवीत थांबत नाही, रोलर उचलला की टपकायला लागतो, दांड्यावरून कोपरापर्यंत येतो, आणि दोन हातांत झाकणारी भिंत तिसरा हात मागते. वाचवलेला रंग असा परत जातो.

आता ट्रे. ट्रे अजिबात घेऊ नका. तोंड कापलेला 20 लिटरचा जुना डबा आहे ना, त्यात रोलर दांड्यापर्यंत बुडवा, वर काढा, एकदा काठावर आपटा आणि भिंतीकडे धावा. वाटेत जी ठिबक पडते ती रांगोळी समजा. ट्रेवाले लोक काय करतात? खळग्यात दोन बोटं रंग घेतात, त्यात रोलर जेमतेम टेकवतात, वरच्या रेघांच्या उतारावर चार-पाचदा फिरवतात, चहूबाजूंनी सारखा भिजला आणि टपकत नाही हे बघतात, मग उचलतात. डब्यातूनच काम करायचं तर आत जाळी टांगून तिच्यावर रोलर निथळतात. अर्ध्या मिनिटाचं काम. पण आपल्याकडे हे अर्धं मिनिट कुणाला परवडत नाही! रोलर पूर्ण बुडवला की रंग दोन्ही टोकांना, नळीच्या आत आणि दांड्याच्या वळणावर साचतो. तो लवीने धरलेला नसतोच, नुसता अडकलेला असतो. रोलर फिरला की पहिला तोच सुटतो. भिंतीवर पट्ट्याच्या दोन्ही कडांना ज्या जाड उभ्या रेघा उठतात त्याही त्याच्याच, आणि वाळल्यावर त्या पॉलिश पेपरने घासत बसावं लागतं. निम्मे शिंतोडे इथेच जन्माला येतात. हे रंगाऱ्याला सांगायला जावं तर उत्तर ठरलेलं: ‘साहेब, पंचवीस वर्षं हेच करतोय.’ मग पंचवीस वर्षं लोकांच्या फरशा नासवतोयस! जाळी कितीला येते, काय सोन्याची असते? चहाच्या दोन फेऱ्यांत येते, वर्षानुवर्षं टिकते, तरी एकाच्या डब्यात दिसेल तर शपथ.

असो. वेग. नऊ इंची रोलरचा घेर साधारण सहा-सात इंच. म्हणजे नऊ फूट भिंत वरून खाली येईपर्यंत त्याच्या पंधरा-अठरा फेऱ्या होतात. या फेऱ्या दोन सेकंदांत उरका. रोलर भिंतीपासून सुटतो तिथे रंगाच्या बारीक तारा ओढल्या जातात. सावकाश फिरवला तर त्या आखूड राहून परत बसतात, जोरात फिरवला तर लांब होऊन तुटतात आणि प्रत्येकीचा थेंब होतो. चष्म्यावर जे धुकं दिसतं ते हेच. तीच भिंत पाच-सहा सेकंदांत उतरलात तर धुकं जवळजवळ नाहीसं होतं, म्हणून तसं करू नका.

रोलर कोरडा पडत आला की पुन्हा भरू नका, दाबा. दाबल्यावर कडांतून निघतो थोडा.

भरलेल्या रोलरचा पहिला हात वरून खाली मारा. जास्तीचा रंग पुढे गोळा होऊन थेट पायांवर येतो. खालून वर मारला, तोही भिंतीच्या मध्यावरून सुरू करून, तर तो वर पसरून भिंतीतच मुरेल आणि तुमच्या पायांना काही मिळणार नाही.

आधी भिंती, मग छत.

छत रंगवताना बरोबर रोलरखाली उभे राहा आणि वर बघून बोला.

फरशीवर वर्तमानपत्र अंथरा आणि वाळायला मदत म्हणून पंखा पाचवर ठेवा.

स्विचबोर्डाला टेप लावू नका. मेन बंद करून प्लेटचे स्क्रू सैल करायचे, कडेने टेप फिरवायची, हे दहा मिनिटांचं काम झालं. त्यापेक्षा पुढची दहा वर्षं बटणांचे ठिपके नखाने खरवडणं बरं.

आणि आता सरळच बोलतो, कारण रंगाऱ्याला शिव्या देऊन तुम्ही सुटताय. दर फुटामागे एक रुपया कमी कर म्हणून त्याच्याशी तासभर घासाघीस कोण करतं? पाहुणे येणार म्हणून दोन खोल्या दोन दिवसांत मागतं कोण? त्याचा हिशेब फुटावर आहे, टेप लावण्याचे पैसे त्यात कुणी धरलेले नाहीत, म्हणून तो टेप लावत नाही आणि रोलर पळवतो. प्लास्टिक कुणी आणायचं यावर तुम्ही दोघं एकमेकांकडे बघता नि शेवटी कालचा पेपर येतो. तुम्ही आणा. आदल्या संध्याकाळी घरच्यांनी मिळून फरशी झाका, कडा टेपने चिकटवा, पंख्याच्या पात्यांना पिशव्या बांधा, खिडकीचे ट्रॅक बुजवा. काम ठरवतानाच जाळी आणि झाकपाक यांचे पैसे वेगळे द्या आणि मग ते करून घ्या. ओला फडका हाताशी ठेवा. इमल्शनचा, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगाचा, थेंब पहिल्या दहा मिनिटांत नुसत्या पाण्याने जातो. वाळला असेल तर कोमट साबणपाणी टाकून भिजू द्या आणि प्लास्टिकच्या पट्टीने उचला, पत्र्याने खरवडू नका.

आणि ती ॲसिडची बाटली खाली ठेवा. मोझॅक, मार्बल, कडप्पा, शहाबादी या सगळ्यांना ॲसिड खातं. ओतलंत की फेस येईल, ठिपका जाईल, पॉलिशही जाईल, आणि त्या जागी फिका डाग राहील तो कुठल्याच साबणाने निघणार नाही. मग पॉलिशवाला बोलवा आणि त्याच्याशीही फुटामागे एका रुपयासाठी भांडा.