शाळेत फेमस असणं वेगळं, आवडतं असणं वेगळं

नववी-दहावीतलं मूल "मला ग्रुपमध्ये कुणी घेत नाही" म्हणालं, की घरचे "अभ्यासात लक्ष घाल" म्हणून विषय मिटवतात. कृपा करून असं करू नका. ते मुलाला खरंच लागलेलं असतं. 2003 च्या एका प्रयोगात लोकांना संगणकावर चेंडूफेकीचा साधा खेळ दिला आणि मध्येच त्यांच्याकडे चेंडू टाकणं बंद केलं. शरीराला दुखतं तेव्हा मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यातला एक भाग तेव्हाही जागा झाला. तेही अनोळखी लोकांसोबतच्या खेळात!

आता मुलांशी बोलतो. वर्गात दोन प्रश्न विचारले, "तुला कोण आवडतं?" आणि "सगळ्यात फेमस कोण?", तर दोन्हीकडे तीच नावं येतातच असं नाही. फेमस मुलांबद्दल बाकीचे बऱ्याचदा "भाव खातो", "दादागिरी करते" असं म्हणतात. आवडत्या मुलांबद्दल सांगतात की ती ऐकून घेतात, दिलेला शब्द पाळतात. तेराव्या वर्षी मोठेपणाचा आव आणून फेमस झालेल्या मुलांवर तेविशीपर्यंत लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांची लोकप्रियता दोन-चार वर्षांतच ओसरलेली दिसली. पुढे दारू आणि नात्यांच्या अडचणीही त्यांच्यात जास्त निघाल्या. 2014 चा अभ्यास आहे हा.

ग्रुपमध्ये शिरताना बहुतेकांची चूक एकच होते. आल्या आल्या विषय स्वतःकडे ओढायचा, "काय चाललंय?" म्हणून चालू बोलणं तोडायचं, नाहीतर पहिल्याच वाक्यात कुणाला तरी खोडून काढायचं. समोरचे लगेच बंद होतात. त्यापेक्षा थोडा वेळ बाजूला उभं राहून विषय काय आहे ते समजून घ्या. मग त्याच विषयावर एक छोटं वाक्य टाका आणि थांबा. कुणी तो धागा उचलला तर बोला, नाही उचलला तर शांतपणे निघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा या. चार-पाच जणांच्या घट्ट टोळक्यापेक्षा दोघं-तिघं असतील तिथे जाणं सोपं असतं. प्रॅक्टिकल, नाटकाची तालीम, मैदान अशा ठिकाणी तर आणखी सोपं, कारण हाताला काम असतं आणि बोलायला विषय शोधावा लागत नाही.

आणि एक पक्का मित्र जोडा, यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. सोलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात रेघांची लांबी ओळखायची होती. तिथे बाकीचे सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर देत असताना एकट्या पडलेल्या माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटामागे गेली. खरं बोलणारा एकच जोडीदार मिळाला, तर अशी चुकीची उत्तरं आधीच्या फक्त एक चतुर्थांश उरली. शाळेतही तसंच आहे. न पटणाऱ्या गोष्टीला "मी नाही येत" म्हणायला दहा जणांचा पाठिंबा लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं तर त्याच रात्री कुणालाही लांबलचक मेसेज पाठवू नका. त्याचा स्क्रीनशॉट फिरतो आणि मूळ विषय बाजूलाच राहतो. दुसऱ्या दिवशी त्यातल्या सगळ्यात समजूतदार मुलाला किंवा मुलीला एकट्यात विचारा, "काही झालं का?"

पालकांनो, समोरच्याच्या आईला तडक फोन लावू नका, आधी मुलाला काय हवंय ते विचारा. पण मारहाण, पैसे उकळणं, फोटोवरून धमकी यातलं काहीही असेल, तर तो मुलांचा आपसातला मामला राहत नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा, स्क्रीनशॉट जपा आणि त्याच दिवशी वर्गशिक्षकांना लेखी द्या.