आडमुठ्या सभासदाचा बंदोबस्त

सोसायटीची जुनी इमारत पाडून पुनर्विकास करायचं ठरलं. बिल्डरने पेढे वाटले, गेटवर फ्लेक्स लागला, थ्रीडी चित्रात गच्चीवर पोहण्याचा तलावही दिसला. चाळीसपैकी एकोणचाळीस सभासद नव्या ओट्याच्या ग्रॅनाइटचा रंग ठरवून मोकळे झाले. चाळिसावा म्हणतो, "आधी कराराचा मसुदा दाखवा." कमिटीतल्या माणसांनो, ही कीड वेळीच ओळखा.

सुरुवात सोसायटीच्या ग्रुपवर करा. 'विकासविरोधी' एवढा एक शब्द पुरतो. शिवाय 'जास्त पैसे उकळायचे असतील' अशी जिन्यात कुजबुज. त्याने पैसे मागितले असते तर बरंच झालं असतं म्हणा. पैशांवर तोडगा निघतो. हा कागद मागतो.

खरं तर त्याच्यावाचून काही अडत नाही. पुनर्विकासाबद्दलच्या 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार चाळीस सभासदांच्या सोसायटीत सभेला 27 डोकी आणि संमतीला 21 सह्या पुरतात. पण त्याच शासन निर्णयात बिल्डरने प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी द्यावी असंही लिहिलंय, आणि नेमकं तेच पान हा सभेत मोठ्याने वाचतो. अशा वेळी चहा आत मागवावा.

क्षेत्रफळाच्या विषयावर तर त्याला बोलूच देऊ नका. तुम्ही फळ्यावर लिहिणार : 450 चौरस फूट अधिक 30 टक्के, म्हणजे 585. टाळ्या. हा विचारणार, कुठला कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ कसं मोजलेलं? जुनं घर मोजलंय भिंतीपासून भिंतीपर्यंत, खोल्यांमधल्या भिंती सोडून. नवं मोजणार रेरा या घरबांधणीच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे आतल्या भिंतींची जाडी धरून. वाढलेल्या 135 फुटांतले काही फूट नुसत्या विटांचे. इतक्या बारकाईने बघणाऱ्याला घर कशाला हवं, मोजपट्टी द्या.

मग भाडं, म्हणजे इमारत होईपर्यंत बाहेर राहायला बिल्डर देतो ते. अकरा महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक दिसले की शहाण्या माणसाने टेम्पो बोलवावा. हा अडून बसतो : आधी पालिकेची आयओडी, म्हणजे आराखड्याची सशर्त मंजुरी दाखवा, पुढच्या भाड्याची हमी द्या, मग किल्ली. वर गोरेगावच्या पत्राचाळीचं नाव काढतो. तिथल्या 672 कुटुंबांचा पुनर्विकासाचा करार 2008 चा, आणि पुढे त्यांचं भाडंच थांबलं. शुभकार्यात असली नावं घेऊ नयेत, एवढंही कळत नाही.

शेवटचा उपाय कोर्टाचा. लवाद कायद्याच्या कलम 9खाली तातडीचा आदेश मागायला बिल्डरच हायकोर्टात जातो. बहुमताचा ठराव अल्पमतावर बंधनकारक, हे तिथे वारंवार सांगून झालंय. प्रसंगी कोर्टाने नेमलेला रिसीव्हर येऊन घराचा ताबा घेतो, सामान खाली उतरतं, पेढ्यांचा दुसरा बॉक्स फुटतो.

फक्त त्याला ग्रुपमधून काढलंत तरी नंबर खोडू नका. पुढेमागे भाड्याचा चेक न वटता परत आला, तर सगळ्या कागदांची तारीखवार फाइल सोसायटीत एकाच घरी सापडेल.