रोमच्या राज्यात सुखाने शेती करा

शेतकऱ्याचाच जन्म घ्यायचा आणि तोही इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, असं ठरवलं असेल तर इजिप्तसारखा मुलूख नाही. त्यातही फायूम जिल्हा बघा. नाईलचं पाणी कालव्याने शिवारात येतं, वर पुराचा गाळ फुकट. इ.स.पू. ३० पासून हा प्रांत सम्राटाच्या खास देखरेखीखाली आहे. खास म्हणजे किती, तर रोमच्या सिनेटरलासुद्धा सम्राटाच्या परवानगीशिवाय इथे पाऊल टाकता येत नाही. तुम्हाला परवानगीशिवाय इथून निघता येत नाही. दोन्हीकडची काळजी घेतलेली आहे.

गाव करानिस घ्या, चांगलं आहे. दर १४ वर्षांनी तिथे घरोघर मोजणी होते. कामधंद्याला बाहेर गेला असाल तर गावी परत यायचं, इ.स. १०४ मध्ये विबियस मॅक्सिमस या सुभेदाराने तसा हुकूमच काढला होता. मोजणीत घरातली माणसं, त्यांची वयं आणि अंगावरचे व्रण लिहून घेतात. डाव्या नडगीवर खूण, उजव्या भुवईवर खूण, अशी तुमची ओळख दप्तरात राहते. म्हणून लहानपणी एकदा तरी चांगलं धडपडून घ्या. नाहीच पडलात तरी हरकत नाही, ‘खूण नाही’ अशी नोंद करतात. तीही नोंदच.

चौदावं वर्ष लागलं की डोईपट्टी सुरू होते, ती बासष्टीच्या आसपास सुटते. फायूमच्या खेडुताला वर्षाला ४० द्राख्मा (हे तिथलं नाणं). जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या मानकरी घराण्यांना २०. अलेक्झांड्रियाचे नागरिक आणि रोमन नागरिक यांना काहीच नाही. ज्याच्याकडे जास्त त्याच्याकडून कमी घ्यायचं, एवढं साधं तत्त्व आहे; ते पटत नसेल तर दोष तुमच्या शिक्षणाचा. शिवाय बांधपट्टी ६ द्राख्मा ४ ओबोल (ओबोल म्हणजे चिल्लर), राखणदारीची पट्टी, गाढवावर, डुकरावर, मागावर. पैसे दिले की पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. वाळवंटाच्या कोरड्या हवेत पपायरसचा कागद दोन हजार वर्षं टिकतो. तुमच्या पश्चात कुणी तगादा लावला तर उपयोगी पडेल.

आता शेती. सरकारी जमीन करायला घेतलीत तर बियाणं सरकारच उसनं देतं, अरूराला एक आर्ताबा. अरूरा म्हणजे आपले सत्तावीसेक गुंठे, आर्ताबा म्हणजे धान्याचं माप. केवढी ही माया! पीक खळ्यावर आलं की बियाणं, खंड, सारा हे सगळं आधी मापून सरकारी कोठारात जातं. तिथून गाढवावर, गाढवावरून नावेत आणि नावेतून रोमला, तिथल्या लोकांना फुकट वाटायला. तुमच्या घामाची भाकरी कुणीतरी रांगेत उभं राहून खातंय, या विचाराने रात्री झोप चांगली लागते. पूर चढला नाही आणि रान कोरडं राहिलं तर घाबरू नका, ‘पाणी लागलं नाही’ असा अर्ज करायचा असतो. मग कुणीतरी बघायला येतो. तो येईल तेव्हा घरात कोंबडी असावी.

उन्हाळ्यात पूर यायच्या आत कालव्यातला गाळ काढायची पाच दिवसांची वेठ असते. मजुरी नाही, पण पाच दिवस काम केल्याचा दाखला मिळतो. हो, दाखला! वेठीचासुद्धा दाखला देणारं सरकार विरळाच.

गाढव असेल तर दृष्ट लागू नये म्हणून ते आतल्या खोलीत बांधा. एखादा शिपाई ‘सरकारी काम’ म्हणून ते घेऊन जाऊ शकतो. कायदा मात्र तुमच्या बाजूने आहे. इ.स. १९ मध्ये सम्राटाचा दत्तक मुलगा जर्मानिकस इजिप्त बघायला आला, तर त्याच्या नावावर नावा आणि जनावरं ओढून नेत होते. त्याने लगेच हुकूम काढला, की लेखी आज्ञेशिवाय काही न्यायचं नाही आणि भाडं द्यायचं. हा हुकूम इतका परिणामकारक ठरला की ४२ साली एका सुभेदाराला तसाच दुसरा काढावा लागला, ४८ साली आणखी एकाला, आणि पुढे सुभेदार मॅमर्टिनसला पुन्हा तोच.

गावाचा कारभार गावलेखक बघतो. साधारण १८४ ते १८७ या काळात पेटाउस नावाचे एक गावलेखक होऊन गेले. त्यांचा सरावाचा कागद सापडला आहे. ‘मी, गावलेखक पेटाउस, सादर केले’ एवढंच वाक्य ते एकाखाली एक गिरवत होते. मध्येच एका ओळीत शेवटच्या शब्दाचं पहिलं अक्षर गळलं. पुढच्या ओळी वरच्या ओळीवरून उतरवल्यामुळे ते अक्षर कायमचंच गेलं. याच पेटाउसांकडे दुसऱ्या गावच्या इस्खिरियॉन नावाच्या लेखकाची तक्रार आली, की त्याला लिहिता-वाचता येत नाही. पेटाउसांनी निर्वाळा दिला: निरक्षर कसा, कागदांवर सही तर करतो! अशा माणसाला कधी दुखवू नये. तुमची जमीन, तुमचं वय आणि तुमच्या नडगीवरचा व्रण त्यांच्याच हस्ताक्षरात आहे.

खर्चाची वही ठेवत असाल तर ती नीट, खातेनिहाय ठेवा. दुसऱ्या शतकातल्या एका हिशोबाच्या कागदावर सरकारी माणसांना दिलेले पैसे ओळीने मांडले आहेत: भेट, डुकराचं पिल्लू, पहारेकऱ्याला, शिपायाने मागितले म्हणून. आणि मधोमध, काही लपवाछपवी न करता, ‘उकळले: २,२०० द्राख्मा’. चौदाव्या वर्षापासून बासष्टीपर्यंत डोईपट्टी भरली तरी एका माणसाची एवढी रक्कम होत नाही. पण वही चोख. करानिसच्याच कागदांत क्लॉडियस टेरेंटियानस या सैनिकाची पत्रं आहेत. बापाला तो लिहितो, की पैशाशिवाय इथे काही होत नाही, आणि स्वतः हातपाय हलवल्याशिवाय शिफारसपत्रांचाही उपयोग नाही. पोरगं शहाणं होतं.

अन्याय झालाच तर अर्ज करा. सुभेदार सुबातियानस अक्विला दौऱ्यावर जिल्ह्याच्या गावी, आर्सिनोईला आला, तेव्हा जेमतेम तीन दिवसांत त्याच्याकडे १,८०४ अर्ज आले. तुमचा त्यातला एक. अर्ज कसा लिहावा, ते करानिसच्या गेमेलसकडून शिका. १९७ सालची गोष्ट. एक डोळा गेलेला, दुसऱ्यानेही नीट दिसत नाही; आणि शेजारचा ज्युलियस बायकोला घेऊन त्याच्या शेतात घुसला. हातात मृत अर्भक. ते त्याने गेमेलसचं शेत कसणाऱ्या माणसाच्या अंगावर टाकलं. करणीच ती! माणूस भ्याला, पीक तसंच टाकून बाजूला झाला. गेमेलसने गावच्या पंचांना बोलावलं, तर ज्युलियसने पंचांदेखत पुन्हा तेच केलं, पीक गोळा केलं आणि जाताना अर्भक उचलून घरी नेलं. पंच काय करत होते? बघत होते. साक्षीदार म्हणून बोलावलं होतं ना. आणि गेमेलस, बरं का, रोमन नागरिक होता. तुम्ही नाही.

नागरिक व्हायचं असेल तर मार्ग आहे. आरमारात भरती व्हा, २६ वर्षं काढा. फायूमच्याच फिलाडेल्फिया गावचा आपियॉन गेला तसा. इटलीतल्या मिसेनुमच्या आरमारी तळावर पोचल्यावर त्याने बापाला पत्र लिहिलं, की सीझरकडून वाटखर्चाची तीन सोन्याची नाणी मिळाली आणि माझं नाव आता अँटोनियस मॅक्सिमस आहे. नाव पहिल्याच महिन्यात बदलतं. बाकीचं नंतर.

यातलं काहीच जमलं नाही तर लोक काय करतात? पळतात. रातोरात घर सोडून दलदलीत, दुसऱ्या जिल्ह्यात, अलेक्झांड्रियात. पळताना अपराधी वाटून घेऊ नका. तुमची थकबाकी बुडत नाही, ती मागे राहिलेल्यांवर वाटून देतात आणि त्या वाटणीला कराच्या यादीत ‘पळून गेलेल्यांची पट्टी’ असं स्वतंत्र नावच आहे. मग ती भरता भरता पुढचे पळतात आणि उरलेल्यांचा वाटा थोडा वाढतो. पहिल्यांदा पळालात तर फायदा, शेवटी उरलात तर अख्खं गाव तुमच्या नावावर.

सरकार दीर्घद्वेषी नाही. १५४ मध्ये सेंप्रोनियस लिबेरालिसने पळालेल्यांना माफी जाहीर केली: तीन महिन्यांत गावी परत या, आपापली शेतं करा, काही विचारणार नाही. नाही आलात तर मात्र संशयित नाही, गुन्हा कबूल केलेला आरोपी म्हणून धरू.

परत जायचंच नसेल तर अलेक्झांड्रियाची एक खूणगाठ बांधून ठेवा. २१५ मध्ये सम्राट कॅराकॅला तिथे जमलेल्या सगळ्या खेडुतांना हाकलायचा हुकूम काढेल. बोलीवरून आणि वागण्यावरून ते ओळखू येतात, असं त्यात म्हटलेलं असेल, तेव्हा तोंड उघडू नका. सूट फक्त काही जणांना: नदीवरचे नावाडी, हमामाच्या भट्टीला बोरू पुरवणारे, आणि डुकरांचे व्यापारी. नाव तुम्हाला परवडणार नाही, बोरू वाहून पाठ मोडेल. डुक्करच घ्या. आणि त्याच्यावरच्या कराची पावती सोबत असू द्या, नाहीतर वेशीवर डुकराला आत सोडतील आणि तुम्हाला बाहेर ठेवतील.