अब्राहाम म्हणजे ब्रह्मा नव्हे

‘अब्राहाम म्हणजे ब्रह्मा, सारा म्हणजे सरस्वती, म्हणून ज्यू धर्माचं मूळ भारतात’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. अब्राहाम हा बायबलमधला ज्यूंचा मूळपुरुष, सारा त्याची बायको. पुरावे तीन दिलेले असतात: अक्षरं जुळतात, जोडी जुळते, आणि साराची दासी हागार म्हणजे सरस्वतीला मिळणारी घग्गर नदी.

आधी अक्षरं. ब-र-ह-म हा क्रम दोन्हीकडे आहे, हे खरं. पण शब्द कुठे सुटतो ते बघा. संस्कृतात ‘बृंह्’ म्हणजे वाढणं, त्याला ‘मन्’ प्रत्यय लागून ‘ब्रह्मन्’ होतं. म्हणजे तिथला म प्रत्ययाचा. हिब्रू नावाची सुरुवात ‘आव’ने होते, आव म्हणजे बाप, लिहिताना आलेफ आणि बेत ही दोन अक्षरं. ब्रह्माशी मेळ बसवायला सुरुवातीचा ‘अ’ काढला, की हा शब्दच मोडतो.

त्याहून मोठी अडचण म्हणजे मूळ नावात ह नाहीच. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात तो आधी अब्राम आहे: आव आणि राम. हिब्रूत राम म्हणजे उंच, थोर. आपल्या रामाशी त्याचाही संबंध नाही. अशी नावं त्या भागात बरीच सापडतात: अम्राम, योराम, आणि आजच्या लेबनॉनमधल्या बिब्लॉस या प्राचीन शहराचा राजा अहिराम. अहिरामची दगडी शवपेटी 1923 मध्ये सापडली, ती आज बैरूतच्या संग्रहालयात आहे आणि तिच्यावर फिनिशियन लिपीत त्याचं नाव कोरलेलं आहे. अहिराम म्हणजे ‘भाऊ थोर’ आणि अब्राम म्हणजे ‘बाप थोर’, दोन्ही एकाच साच्यातले.

उत्पत्ती 17:5 मध्ये देव नाव बदलतो आणि कारणही सांगतो: ‘आव हमोन गोयिम’, अनेक राष्ट्रांचा बाप. ही काटेकोर व्युत्पत्ती नाही, हे मान्य करायला हवं. बायबलच्या हिब्रूत ‘राहाम’ असा शब्द मिळत नाही. ‘हमोन’मधल्या ह-म वर केलेला तो श्लेष आहे. अब्राहाम हे अब्रामचंच बोलीतलं लांबलेलं रूप असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. त्यासाठी गंगेपर्यंत यावं लागत नाही.

आता सारा. ‘सार’ म्हणजे सरदार, त्याचं स्त्रीरूप सारा: राजघराण्यातली स्त्री. अक्कादीत, म्हणजे मेसोपोटेमियाच्या प्राचीन भाषेत, राजा ‘शर्रु’ आणि राणी ‘शर्रतु’, तेच कूळ. सरस्वती मात्र ‘सरस्’ म्हणजे पाणी, तळं, यावरून आलेली. तिची सख्खी बहीण पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात भेटते, ‘हरख्वैती’. सिंधूचा हिंदू झाला तसाच हा स चा ह. नातं असं नियमाने दाखवावं लागतं. शिवाय सारा अब्राहामची सावत्र बहीण (उत्पत्ती 20:12), तर पुराणांत सरस्वती ही ब्रह्मदेवाची कन्या.

हागारला बायबल मिसरी दासी म्हणतं. तिथे नदीचा संबंधच नाही.

अब्राहाम मराठीत खरोखर आला तो कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाबरोबर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी दानिएलचा धनाजी केला, शमुवेलचा सामाजी आणि अब्राहामचा आबाजी. ब्रह्मदेव रोज कानावर पडत असूनही नाव वळलं ते आबाकडे. मराठीत आबा म्हणजे वडीलधारा, हिब्रूत आव म्हणजे बाप. मला हा मेळ फार आवडतो, पण तोही योगायोगच आहे. त्यावरून मी मराठी आणि हिब्रूचं नातं जोडणार नाही.