परत येत न्हाय व्हय?

डिस्क गोल्फमध्ये माझी फेक ७० मीटरवर अडकली आहे, ही माझी खासगी बाब होती. आज सकाळपासून ती सोलापुरातल्या विजापूर रोडच्या अर्ध्या मॉर्निंग वॉकवाल्यांची झाली. उपकार पांढऱ्या बुटांच्या एका काकांचे.

खेळ सोपा: गोल्फच, पण चेंडूऐवजी तबकडी आणि भोकाऐवजी साखळ्यांची टोपली. टोपली मी घेतलेली नाही, मैदानापलीकडचं कडुनिंब हीच टोपली. अवघड आहे ते अंतर. व्हिडिओतले सगळे मास्तर सांगतात, जोर लावू नका. पुढचा पाय रोवा, कंबर उघडा, मग खांदा, मग कोपर, मनगट सगळ्यात शेवटी. डिस्क छातीजवळून सरळ रेषेत ओढा, अंगाला वळसा घालून आणली की जोर वाया. याला राउंडिंग म्हणतात. माझं पोटच आडवं येतं, सरळ रेष आणायची कुठून? शिवाय डिस्कचं नाक वर राहिलं की ती चढते, दमते आणि डावीकडे कलंडते. वर हेच मास्तर म्हणतात, हातात वेग नसेल तर वेगवान ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, पिशवीत ठेवा, पटर, म्हणजे जवळच्या फेकीची संथ डिस्क, फेकून शिका. मग ड्रायव्हर घ्यायला कशाला लावलात?

आणि पाय रोवायचा कशात? खाली मुरूम, त्यात काचा. एका कोपऱ्यात कुणी गाडी शिकतंय, उरलेल्या जागेत एकमेकांत घुसलेल्या क्रिकेटच्या मॅचेस. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, वर्षानुवर्षं भरतेय, त्याबद्दल तक्रार नाही. पण एरवी तरी या गावात १०० मीटर रिकामी जमीन माणसाला मिळू नये?

तर काका.

"काय करूलालात ओ मालक?"

"डिस्क गोल्फ."

"बरं. फेका."

फेकली. काकांनी ती नजरेनं जमिनीपर्यंत पोचवली आणि तिकडेच बघत उभे राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "परत येत न्हाय व्हय?"

"परत यायची नसते काका."

"मग आणायची कुणी?"

"मीच."

"म्हंजे आपणच फेकायचं, आपणच आणायचं." त्यांनी हिशेब जुळवला. "आन् अजून लांब गेली पायजे म्हणता?"

"हो."

"म्हंजे अजून चालावं लागंल की! हाय ते बरं हाय, ७० वर थांबा."

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. तोवर काका पावलं मोजत डिस्कपाशी पोचले होते. तिथून पुढे माझी प्रत्येक फेक पडली की अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ते ओरडत, "तेवढंच!" लोक थांबू लागले. क्रिकेटची पोरं मॅच सोडून डिस्क आणून देऊ लागली, तेवढा एक फायदा.

मग जरा वजन पडावं म्हणून मी सांगितलं की २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनिअरनं नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटर फेकली.

"वारं असंल," काका म्हणाले.

होतंच वारं. या विक्रमांसाठी लोक मुद्दाम वाऱ्याचं वाळवंट गाठतात. पण हे काकांनी सांगायची काय गरज? मी चिडून पुढचं काढलं: एड हेडरिक नावाच्या माणसानं या खेळाची साखळ्यांची टोपली बनवली, आणि २००२ मध्ये तो वारल्यावर त्याच्याच इच्छेनं त्याची राख काही डिस्कमध्ये मिसळली.

मैदान गप्प झालं.

"अस्थी?" काकांनी विचारलं. "ह्यात बी हायत?"

"नाही हो! त्या मोजक्या डिस्क होत्या, तिकडे अमेरिकेत."

"तुम्हाला कसं कळणार? ही बी तिकडचीच ना?"

डिस्क हातात असलेल्या पोरानं ती हळूच खाली ठेवली आणि तळहात चड्डीला पुसला. काकांनी टोपी काढली, वाकून माझ्या पटरला नमस्कार केला आणि बाजूला सरकून म्हणाले, "फेका आता. जपून."

आता अस्थी कुणी कंबर उघडून फेकतं का? फेकली. नाक वर, अर्ध्यात डावीकडे वळली, गाडी शिकणाऱ्याच्या पुढ्यात पडली. पोरांपैकी एकही हललं नाही. काका मात्र इमानदारीनं मोजत गेले आणि तिथून ओरडले, "तेवढंच बी न्हाय!"