बस अर्धा तास, ताई

आता माझ्यासमोर कोणी "अर्धा तास" हा शब्द जरी काढला ना तरी माझं डोकं फिरतं. घरी येऊन आठवडा झाला, पायाची दोन नखं काळी पडलीयत, गुडघा कुरकुरतोय, आणि राग काही उतरत नाहीये, तेव्हा एकदाचं लिहून मोकळी होते.

चौदा जणांचा ग्रुप, सहा दिवसांचा ट्रेक. शेवटची वस्ती मागे पडली की फोनला रेंज नाही, रस्ता नाही, माणूस नाही. ट्रेक नेणाऱ्या कंपनीने पैसे आधीच पूर्ण भरून घेतले आणि तेव्हा सांगितलं की तीन गाइड असतील, एक पुढे, एक मध्ये, एक सगळ्यात मागे. आले दोन. तिसरा म्हणे वाटेत जॉइन होईल, कुठल्या वाटेत ते त्यालाच माहीत. आणि त्या दोघांतला एक, विशीतलं पोरगं, या रूटवर आमच्यासारखंच पहिल्यांदा आलेलं! हे कधी कळलं, तर दुसऱ्या दिवशी तो हळूच येऊन मला विचारतो, ताई तुमच्या फोनमध्ये ऑफलाइन मॅप आहे का. कप्पाळ माझं.

मोठा गाइड म्हणजे नुसता वारा. निघाला की निघाला. मागे कोण, किती, कुठे, काही देणंघेणं नाही. पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात, पण इथे पुढचा एवढा पुढे की त्याला ठेच लागली काय आणि तो दरीत गेला काय, मागच्याला पत्ताच नाही. आणि काहीही विचारा, उत्तर एकच. किती राहिलं? बस अर्धा तास, ताई. पाणी कुठे मिळेल? अर्धा तास. हा घसारा कधी संपणार? आलंच, अर्धा तास.

तिसऱ्या दिवसाचं तर काय सांगू. प्लॅनमध्ये दोन दिवसांत करायचा टप्पा, तो एका दिवसात उरकायचं ठरलं, का तर आधीच एक दिवस वाया गेला होता आणि कंपनीच्या ऑफिसला पुढची बॅच काढायची होती. ३३०० मीटरवरून थेट ४२०० वर मुक्काम. आता ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हे ट्रेकिंगचं अगदी बाराखडीतलं आहे, आणि हे सांगायचं कोणी तर गाइडने, मी नाही.

अंतर दहा किलोमीटर, चढ ९०० मीटर. नाइस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब सांगून ठेवलाय, पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास. म्हणजे आमचे झाले साडेतीन तास, तेही धडधाकट माणसाचे, कमी उंचीवर, कुठेही न थांबता. पाठीवर ओझं, विरळ हवा, त्यात आमच्यातले तिघे पहिल्यांदाच एवढ्या वर आलेले, तर सरळ दुप्पट धरा. सकाळी सहाला निघायला हवं होतं. निघालो साडेनऊला, कारण साहेब उठलेच नव्हते.

उशीर झाला की पुढचं सगळंच बिघडतं. वरच्या बर्फाचं पाणी ऊन चढलं की वाढतं, म्हणून तसला ओढा सकाळी लवकर ओलांडायचा असतो. आम्ही पोचलो दुपारी अडीचला. पाणी मांडीपर्यंत, गढूळ, दगड दिसत नाहीत, आणि आमचे महाशय पलीकडे उभे राहून हात हलवतायत, या या काही नाही होत. सामान वाहणारे दोन पोर्टर दादा स्वतःहून ओझं टाकून परत पाण्यात उतरले आणि एकेकाला हाताला धरून काढलं. त्यांना ना पगार गाइडचा ना जॅकेट गाइडचं.

मग धुकं. मी आणि अजून तिघं मागे, पुढे वाट फुटलेली, एक पाऊलवाट आणि एक ढोरवाट, दोन्ही सारख्याच दिसतात. शिट्टी काढली. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट गप्प, परत सहा, हा डोंगरात मदत मागायचा ठरलेला इशारा, आणि ऐकणाऱ्याने मिनिटाला तीनने उत्तर द्यायचं असतं. वीस मिनिटं वाजवली. उत्तर नाही. शेवटी ते विशीतलं पोरगंच धापा टाकत खाली आलं शोधायला. कॅम्पवर मोठ्याला विचारलं, शिट्टी ऐकू आली नाही का? आली ना, मला वाटलं कोणीतरी मजा करतंय.

मजा!!

तेव्हा सात वाजले होते, हेडटॉर्च लावून पोचलो. बाराला पण अर्धा तास होता, तीनला पण, पाचला पण. अरे बाबा, माहीत नाही म्हण ना, चार तास आहेत म्हण, मी माझा दम त्या हिशोबाने वापरेन, थोडं पाणी राखून ठेवेन, पण धीर द्यायचा म्हणून खोटं कशाला?

आणि हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण ग्रुपमध्ये एक काका होते, साठीच्या जवळचे. रात्री डोकं ठणकतंय, दोनदा उलटी. गाइडचं निदान तयार, थकलेत, पाणी पाजा, झोपू द्या. ऑक्सिमीटर काढला तर सेल गेलेला. ऑक्सिजनचा सिलिंडर होता, मास्क खालच्या कॅम्पवर! पहाटे काका तंबूबाहेर आले ते झोकांड्या खात, सरळ चार पावलं टाकता येईनात. उंचीवर हे लक्षण दिसलं की एक मिनिट वाट बघायची नसते, माणसाला खाली न्यायचं, बास. आणि हा म्हणतो, खिंड पार केली की पलीकडे उतारच आहे, बस अर्धा तास चढ.

त्या क्षणी मी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसावर एवढी ओरडले. एक पोर्टर दादा, ते पोरगं आणि आम्ही दोघी, चौघांनी मिळून काकांना खाली आणलं. खाली उतरलो तसे दुपारपर्यंत ते नीट बोलायला लागले, आणि पहिलं काय विचारावं, तर सगळ्यांचा ट्रेक माझ्यामुळे बुडाला का हो.

त्या पोराला मी काही बोलणार नाही. त्याला धड शिकवलं नाही आणि चौदा जीव गळ्यात बांधून पाठवून दिलं. पण ऑफिसमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणारे जे आहेत त्यांना सोडणार नाही. परत आल्यावर फोन केला, पैसे राहू देत, निदान लेखी उत्तर द्या की तिसरा गाइड कुठे होता. पलीकडून एकदम गोड आवाज, मॅडम बघून सांगते, अर्ध्या तासात कॉल करते.

मंगळवार होता तो. आज रविवार.